वस्तीतील जुन्या नृत्यवर्गाचा इतिहास कसा नोंदवावा

महाल, इतवारी किंवा धरमपेठ अशा नागपूरच्या जुन्या वस्तीत अनेक दशके चाललेल्या कथकच्या क्लासचा इतिहास लिहायचा असेल, तर आरंभ सत्काराच्या छायाचित्रांपासून करू नये, बोलांच्या, म्हणजे नाचाची अक्षरे लिहून घेतलेल्या, वह्यांपासून करावा. एकच तोडा (बोलांत बांधलेली छोटी नृत्यरचना) निरनिराळ्या वर्षांच्या तीन-चार वह्यांत शोधावा आणि कुठे तिहाई (तीनदा येऊन रचना संपवणारा तुकडा) बदलली, कुठे एखादा बोल गळला, हे मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, मोजून पाहावे. क्लास घेणाऱ्या बाईंच्या शिकवण्यातील बदल इतका स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही कागदावर उमटत नाही.

माजी विद्यार्थिनींशी नुसते बसून बोलू नये. तीनतालाचा लेहरा (तालासोबत पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लावून १६ मात्रांवर आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणे, करायला सांगावी आणि गुडघे साथ देत असतील तर उभे राहून तत्कार, म्हणजे पायांनी ताल धरणेही. साठी उलटलेल्या एका ताईंना एकाही कार्यक्रमाचे नाव आठवत नव्हते. पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय पडताच बाई कुठे बसून टाळी देत, तबल्यावर कोण असे, हे त्या सलग सांगत गेल्या. असे चित्रीकरण करताना पाय चौकटीबाहेर जाऊ देऊ नयेत.

दिनांक नसलेल्या कागदांचा काळ पत्त्यावरून ताडता येतो. नागपूर ‘मध्यप्रदेशात’ असल्याचा उल्लेख असेल, तर मजकूर बहुधा १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा असतो. ४४० ने सुरू होणारा पिनकोड छापलेला असेल, तर कागद १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा असू शकत नाही. संस्था नोंदणीकृत असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या नागपूर कार्यालयातून नोंदीचा उतारा मागवावा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या जात असतील, तर प्रारंभिक ते विशारद पूर्ण या सात टप्प्यांची प्रमाणपत्रे लावून वर्षनिहाय यादी करावी. मध्यमा या मधल्या टप्प्यानंतर दहावीमुळे किंवा लग्नामुळे थांबलेल्या मुलींची नावेही, त्यांच्या संमतीने, या यादीत यायलाच हवीत, कारण विशारद झालेल्या मोजक्या जणींवरून क्लास किती घरांत पोहोचला होता, ते कळत नाही.

वह्यांना लॅमिनेशन करू नये. प्रत्येक पान दिवसाच्या उजेडात टिपावे, मूळ वही सुती कापडात गुंडाळून ज्यांची त्यांना परत करावी आणि मे महिन्यात तापणाऱ्या गच्चीवरच्या खोलीत ती ठेवू नये, असे आवर्जून सांगावे.