चित्राची माहिती एकदाच लिहा, दरवेळी लिंक पाठवा

चित्रकाराने ब्लॉग लिहावा का? त्यावरून चित्रं धडाधड विकली जातील, असं मला वाटत नाही. पण ‘साइज काय? ऑइल की ॲक्रिलिक? फ्रेमसकट का?’ याची उत्तरं व्हॉट्सॲपवर टाइप करून बोटं दुखली असतील, तर जरूर लिहावा. एका चित्राला एक नोंद, बस.

१. काच बसवण्याआधीच फोटो काढा. खिडकीजवळ, पण थेट ऊन नको, फ्लॅश बंद. फोन चित्राच्या मध्याइतक्या उंचीवर धरा आणि दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा, म्हणजे कडा फुगलेल्या दिसत नाहीत.

२. त्याच दिवशी लिहा: शीर्षक, माध्यम, उंची × रुंदी (आधी उंची), वर्ष, फ्रेम आहे की नाही. शिवाय एक ओळ गप्पांची. घाटावर बसून केलं, मध्येच पाऊस आला, कागद भिजला, असं काहीही. गिऱ्हाईक बोलायला लागतं ते बहुधा याच ओळीवरून.

३. कोणी विचारलं की लिंक पाठवा. चित्र गेलं तरी नोंद ठेवा, फक्त ‘विकले’ लिहा. पुढे प्रदर्शनाची लेबलं आणि यादी करताना हाच मजकूर उचलता येतो.

एक जपा: मूळ मोठी फाइल चढवू नका. लांब बाजू १२०० पिक्सेल पुरे. स्क्रीनवर छान दिसतं, पण कोणी परस्पर उचलून इंचाला ३०० पिक्सेलने छापायला गेलं तर जेमतेम ४ इंच. मूळ फाइल हार्ड डिस्कवर, आणि तिची आणखी एक प्रत दुसरीकडे.