कमी उत्पन्नाच्या घरात इंटरनेट लावून देताना

प्लॅनची चौकशी नंतर. आधी त्या घरातला फोन हातात घ्या, सेटिंगमध्ये 'डेटा वापर' उघडा आणि गेल्या महिन्यात कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला ते बघा. बहुतेक घरांत सगळ्यात वरची एक-दोन नावं व्हिडिओचीच निघतात. ४८०पी (कमी स्पष्टतेचा) व्हिडिओ तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी घेतो, १०८०पी (जास्त स्पष्टतेचा) दीड ते तीन जीबी. रोज दोन तासांचा अभ्यास धरला तर महिन्याला ३० ते ४५ जीबी विरुद्ध ९० ते १८० जीबी. फोनच्या पडद्यावर हा फरक डोळ्यांना जेमतेम कळतो, बिलात चांगलाच कळतो.

एक-दोघांचाच वापर असेल तर मोबाइल डेटा आणि हॉटस्पॉटवर भागतं. तिघे-चौघे एकदम बसणार असतील तर तारेचं कनेक्शन बघा. एका १०८०पी व्हिडिओला सुमारे ५ एमबीपीएस (इंटरनेटच्या वेगाचं माप) पुरतात. चौघांचे २० झाले, त्यावर थोडी मोकळीक ठेवा. त्यापुढचा वेग म्हणजे बहुधा वायफळ खर्च. तुलना करताना जोडणीचा खर्च, अनामत, राउटरचं भाडं, कर आणि सवलत संपल्यावरचा दर असं सगळं वर्षभराचं मिळवून १२ने भागा. डेटा संपल्यावर वेग उतरतो की जादा पैसे लागतात, हेही विचारा. जादा पैसे लावणारा प्लॅन अशा घरासाठी घेऊच नका.

कनेक्शनला नंबर आणि ईमेल घरातल्याच माणसाचा द्या. मदत करणारा घाईत स्वतःचा देतो, आणि सहा महिन्यांनी ओटीपी भलत्याच फोनवर जातो.

हॉटस्पॉटवरची गळती ही सगळ्यात महागडी. लॅपटॉपला ते साधं वाय-फाय वाटतं, म्हणून तो बिनदिक्कत अपडेट उतरवत बसतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. बहुतेक मोठे अपडेट थांबतात. मात्र ते कायमचे थांबवू नका, महिन्यातून एकदा फुकटच्या भरवशाच्या वाय-फायवर उरकून घ्या. आयफोनला त्याच कामासाठी 'लो डेटा मोड' आहे. मेसेजिंग अ‍ॅपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणंही बंद करा.

जुना राउटर मिळाला तर रीसेटचं बटण पिनने साधारण १० सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आधीच्या मालकाच्या सेटिंग पुसल्या जातील. मग फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, अ‍ॅडमिन पासवर्ड बदला (हा राउटरच्या सेटिंगचा; वाय-फायचा पासवर्ड वेगळा, हे घरच्यांना सांगा) आणि वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. फक्त डब्ल्यूईपी (जुना, सहज फुटणारा प्रकार) चालणारा राउटर फुकट मिळाला तरी घेऊ नका. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंदच ठेवा: त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो.

मुलांसाठी राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा अश्लील आणि घातक साइट अडवते. पण फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये दुसरी सेवा लावलेली असेल किंवा मोबाइल डेटा चालू असेल तर ही गाळणी चुकवली जाते, तेव्हा फोनही तपासा.

शेजाऱ्यांनी मिळून एकच कनेक्शन वापरायचं असेल तर करारात तशी मुभा आहे का ते आधी वाचा. असेल तर शेजाऱ्यांना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) द्या.

राउटर लोखंडी कपाटामागे किंवा जमिनीवर नको. उंचावर, घराच्या मध्याशी ठेवा. भिंतीपलीकडे रेंज लागत नसेल तर त्या खोलीतली उपकरणं राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायऐवजी २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जोडा.

आठवड्याने परत जाऊन 'डेटा वापर' पुन्हा उघडा. एखाद्या अ‍ॅपचा आकडा अंदाजाच्या दुप्पट दिसला तर आधी त्याच्या सेटिंग बघा, प्लॅन वाढवण्याची घाई करू नका.