काचेखालची जाळी आणि एसीचा फिल्टर: या चुका टाळा

सोयाबीन निघालं, कापूस घरात यायला लागला की आमच्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या येतात. ब्लोअर चारवर ठेवला तरी हवा लागत नाही, एसी लावला की कोंदट वास येतो, डाव्या बाजूची मॅट ओली असते. बहुतेक जण आधीच कुठेतरी गॅस भरून आलेले असतात. हवाच कमी येत असेल तर गॅस भरून काय होणार? आधी बॉनेट उघडा आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली जी काळी प्लॅस्टिकची जाळी असते, तिथे बोट घालून पाहा. बाहेरची हवा तिथूनच आत येते. आमच्या हिंगणघाट पट्ट्यात त्या जाळीत कडुनिंबाच्या काड्या, चिंचेचा बारीक पाला, सोयाबीनचं कुटार आणि जिनिंगच्या रस्त्यावर उडणारी रुई हमखास सापडते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे या जाळीवर जोराचं पाणी मारणं. वरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून माणूस खूश होतो. पण कचरा गेला कुठे? जाळीखाली एक पन्हाळ असते. तिच्या दोन्ही टोकांना पाणी खाली उतरायला भोकं असतात. पाण्याच्या जोराने पाला नेमका त्या भोकांत जाऊन बसतो.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावचे एक शेतकरी गाडी घेऊन आले. "भाऊ, काच गळते म्हनते जी. रबर बदलवलं, तरी पानी येऊनच राह्यलं." एका वर्कशॉपने काच काढून पुन्हा चिकटवली होती, त्याचे पैसेही घेतले होते. गाडी कुठे उभी असते, हे कोणी विचारलंच नव्हतं. ती शेतात चिंचेखाली उभी राहायची आणि धुतली जायची फवारणीच्या एचटीपी पंपाने. मी वायपर काढले, जाळी उचलली. पन्हाळीत चिंचेचा पाला, कुटार आणि माती यांचा काळा गाळ काठोकाठ भरला होता आणि त्यात सोयाबीनचे दाणे चक्क उगवले होते, दोन-दोन पानांवर आले होते. भोकं बंद, म्हणून पाणी तुंबायचं. ते हवेच्या तोंडापर्यंत चढलं की थेट ब्लोअरवर पडायचं आणि तिथून पायाखाली. ब्लोअरची मोटर गंजून गेली होती, ती बदलावीच लागली. काचेत काहीही दोष नव्हता.

मी गाळ नेहमी हाताने काढतो, कोरडा असतानाच. बारीक पाल्याला जुना रंगाचा ब्रश आणि व्हॅक्यूम. भोकात सायकलच्या ब्रेकची जुनी तार खालून वर घालतो, म्हणजे कचरा आणखी आत दाबला जात नाही. शेवटी एका बाजूला लोटाभर पाणी हळूच ओततो आणि वाकून पाहतो. पुढच्या चाकाच्या मागून धार पडली की ती बाजू मोकळी. मग दुसरी बाजू. अर्धा तास जातो. पाच मिनिटांचा व्हिडिओ पाहून आलेल्यांना हा अर्धा तास फार वाटतो, पण मोटरच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

आणि एचटीपी पंपाबद्दल कळकळीने सांगतो. ज्या पंपातून कीटकनाशक जातं, त्याच पंपाचं पाणी हवेच्या तोंडात मारू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. पाइपात उरलेलं औषध ब्लोअरने गाडीत लेकराबाळांच्या तोंडावर फेकायचं का?

एसीच्या फिल्टरला टायरमध्ये हवा भरायच्या काँप्रेसरने हवा मारणं ही दुसरी आवडती घाई. डॅशबोर्डचा डबा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबल्या की बऱ्याच गाड्यांत तो खाली झुकतो, मागे झाकण, त्याच्या आत फिल्टर. काही गाड्यांत फिल्टरची फक्त जागा असते, फिल्टर नसतो. तो विकत घेऊन बसवा. बाहेर काढलेल्या फिल्टरवर रुईचा थर गोधडीसारखा बसलेला असतो. तो बोटाने उचलला तर सलग निघतो. त्यावर हवेचा जोर मारला की घड्या फाटतात आणि बारीक धूळ सरळ एसीच्या ओल्या कॉइलवर जाऊन चिकटते. धुऊन पुन्हा बसवणं त्याहून वाईट, कारण कागदी फिल्टर ओला झाला की संपला. हलक्या हाताने झटका, नाहीतर नवा घ्या. बसवताना बाण पाहा, हवा जिकडे वाहते तिकडेच तो हवा. मॅन्युअलमध्येही धुळीच्या भागात फिल्टर लवकर तपासा असं लिहिलेलं असतं, म्हणून मी किलोमीटर पाहत नाही. एकदा कापसाची धांदल संपल्यावर, एकदा होळीनंतर कडुनिंबाची पानगळ आटोपल्यावर.

तुंबलेल्या फिल्टरवरच ब्लोअर रेटत राहिलात तर रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा भाग, जळतो, कारण तो त्याच वाहत्या हवेने थंड राहतो. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर बहुतेक वेळा तोच गेलेला असतो. नवा टाकण्याआधी फिल्टर पाहा, नाहीतर नवाही जळेल.

जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवू नका, रुईने तो आठवडाभरात बंद होतो. पाव इंची भोकांची गंज न लागणारी तारेची जाळी आतून बसवा; पाण्याची भोकं मोकळी ठेवा. थ्रेशर चालू असेल तिथून जाताना आतली हवा फिरवायचं बटण लावा, पुढे गेल्यावर काढा.

कोठ्याजवळ, ढेपेच्या पोत्यांपाशी गाडी उभी करत असाल तर उंदराचा विचार करावाच लागतो. तो रुई ओढून फिल्टरवरच घर करतो. वास आला म्हणून ब्लोअर जोरात लावणं ही इथली चूक. वाळलेली घाण सगळ्यांच्या नाकात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातमोजे, मास्क, जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओलं करा, पुसून घ्या, फिल्टर पुरून टाका. डांबरगोळ्या हवेच्या तोंडात ठेवूच नका, त्यांची वाफ तान्ह्या बाळांना बाधते. गाडी बंद करण्याआधी आतल्या हवेचं बटण लावायची सवय ठेवा, बाहेरच्या हवेची झडप बंद राहते आणि उंदराला पंख्यापर्यंत पोचता येत नाही.

पायाखाली पाणी दिसलं तर आधी ते कधी येतं ते पाहा. पावसात किंवा धुतल्यावर आलं तर पन्हाळ. कोरड्या दिवशी एसी चालवल्यावर आलं तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली, ती वेगळी असते आणि गाडीच्या खालून मोकळी होते. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते इंजिन थंड ठेवणारं कूलंट आहे, गाडी तशीच पुढे नेऊ नका. पन्हाळीची लोट्याची परीक्षा मृग लागण्याआधीच करून घ्या.