प्रॅक्टिकलच्या आठवडाभर आधी

कांद्याच्या मुळात पेशीविभाजन पाहायचं असेल तर आधी कॅलेंडर काढा आणि प्रॅक्टिकलच्या दिवसापासून मागे मोजत या. जीवशास्त्रात तयारी म्हणजे मुख्यतः हेच: जिवंत वस्तूला लागणारा वेळ आधीच राखून ठेवणं. पाठांतर एका रात्रीत उरकता येईल, पण मूळ एका रात्रीत वाढत नाही.

कांद्याची वाळकी मुळं खरवडून काढा आणि फक्त बूड पाण्याला टेकेल असा तो ग्लासवर बसवा. दोन-तीन सेंटीमीटर मुळं फुटायला साधारण 3 ते 6 दिवस लागतात. पाणी रोज बदला. एखादा कांदा कुजतो, एखादा फुटतच नाही, म्हणून तीन-चार तरी ठेवाच. मुळं सकाळी कापा आणि लगेच एक भाग ग्लेशियल (म्हणजे पाणी न मिसळलेलं) ॲसेटिक ॲसिड व तीन भाग अल्कोहोल यांच्या ताज्या मिश्रणात टाका. पेशी ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत तिथे थांबतात. कापून नुसती ठेवलेली मुळं उपयोगाची नाहीत. 24 तासांनी ती 70 टक्के अल्कोहोलमध्ये घाला. आता घाई नाही, फ्रिजमध्ये ती बरेच दिवस टिकतात.

दुसरे प्रयोग असतील तर त्यांचंही असंच मागे मोजा. पानातल्या स्टार्चच्या प्रयोगासाठी कुंडी दोनेक दिवस अंधारात हवी. आगार (जिवाणू वाढवायला वापरतात ती जेली) ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात, 121 अंशांवर 15 मिनिटं ठेवावं लागतं आणि प्लेटमध्ये ओतण्याआधी ते 50 अंशांच्या आसपास निवू द्यावं लागतं.

आता डोक्याची तयारी. पुस्तक मिटून पेशीविभाजनाच्या चारही अवस्था (प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज) कागदावर काढून बघा. जिथे पेन्सिल अडेल तेवढंच पुन्हा वाचा. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात आणि बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्याच दिसणार, एवढं माहीत असलं की स्लाइड बिघडली समजून ती फेकून द्यायची वेळ येत नाही. माझ्या मते व्हायवाच्या पन्नास उत्तरांपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

त्या दिवशी टेबलावर स्लाइड, वॉच ग्लास (काचेची उथळ बशी), ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारं रंगद्रव्य), सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड, सुई, ब्लेड, कव्हर स्लिप आणि टिपकागद हाताशी असू द्या. ॲसिड सौम्य करायचं तर ते पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. वॉच ग्लासमध्ये मुळं रंगद्रव्य आणि थोड्या सौम्य ॲसिडमध्ये ठेवून गरम करा, पण उकळू देऊ नका. मुळाचं फक्त गडद रंगलेलं टोक स्लाइडवर घ्या, एक-दोन मिलिमीटर पुरे. वरच्या भागात विभाजन सापडत नाही. कव्हर स्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. ती जरा जरी सरकली तरी पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात आणि काही ओळखू येत नाही. सूक्ष्मदर्शकात आधी 10एक्स भिंगावर चांगली जागा शोधा, मगच 40एक्सवर जा.

चांगली पेशी सापडली की आकृती तिथेच काढून घ्या आणि सरांना लगेच बोलवा. तात्पुरती स्लाइड कडेने सुकू लागते. कडांना नेलपॉलिश लावलं तर थोडा जास्त वेळ मिळतो.