गणितातून क्वांटमकडे जाताय? फेलोशिपचा फॉर्म भरताना या चुका टाळा

एमएस्सी मॅथ्सवाली पोरं क्वांटमच्या फेलोशिपचा फॉर्म भरायला बसली की पहिली गोष्ट काय करतात माहितीये, आपण गणितवाले आहोत हेच लपवतात. ज्युनिअर मंडळींचे एसओपी (आपल्याला हे का करायचंय ते सांगणारं निवेदन) येतात माझ्याकडे वाचायला, त्यात श्रोडिंगरची मांजर (क्वांटमचं ते एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या मांजराचं घासून गुळगुळीत उदाहरण) असते, चार दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट असतं, क्वांटम कॉम्प्युटर जग बदलणार असतो, आणि मग पार तळाला चोरून लिहिल्यासारखं की लिनिअर अल्जेब्रा आणि फंक्शनल ॲनालिसिस झालंय. अरे बाबांनो, तेच वर घ्या की! मांजर सगळ्यांकडेच आहे.

क्वांटम इन्फॉर्मेशन या विषयात स्टेट, म्हणजे सिस्टिमची अवस्था, म्हणजे शेवटी ट्रेस १ असलेली पॉझिटिव्ह मॅट्रिक्स आणि चॅनल, म्हणजे त्या अवस्थेवर होणारी प्रक्रिया, म्हणजे ट्रेस जपणारा कम्प्लीटली पॉझिटिव्ह मॅप (मोठ्या सिस्टिमच्या एकाच भागावर लावला तरी पॉझिटिव्हपणा टिकवणारा), म्हणजे घर आपलंच आहे, फक्त पाटी दुसऱ्याच्या नावाची. मग "मला खूप इंटरेस्ट आहे" असं पाच वेळा लिहिण्यापेक्षा एक छोटं पण पूर्ण केलेलं गणित दाखवा. उदाहरणार्थ ट्रान्सपोज घ्या. पॉझिटिव्ह मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज पॉझिटिव्हच राहतो, पण दोन क्यूबिटच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम बिट) बेल स्टेटच्या, म्हणजे त्यांच्या पूर्ण गुंतलेल्या अवस्थेच्या, एकाच क्यूबिटवर तो लावला की एक आयगेनव्हॅल्यू वजा अर्धा येते, म्हणजे मॅप पॉझिटिव्ह आहे पण कम्प्लीटली पॉझिटिव्ह नाही, आणि यावरूनच एन्टँगलमेंट, म्हणजे दोन भागांची ही गुंतागुंत, ओळखायची टेस्ट निघते: वजा आयगेनव्हॅल्यू आली की स्टेट गुंतलेली. दोन भागांची डायमेन्शन २×२ किंवा २×३ असेल तर ही टेस्ट पुरेशी आहे हे १९९६ मध्ये फिजिक्सवाल्या होरोडेकींनी दाखवलं, पण ते ज्या निकालांवर उभं आहे ते स्टोर्मर (१९६३) आणि वोरोनोविच (१९७६) यांचे, शुद्ध गणितातले. त्यापुढच्या डायमेन्शनमध्ये टेस्ट अपुरी का पडते, हा प्रश्न एसओपीत दोन ओळीत नीट मांडलात तरी वाचणारा थांबतो. एका पानाचं काम आहे हो हे.

दुसरी गडबड शब्दांची. क्वांटम क्रिप्टोग्राफी आणि पोस्ट-क्वांटम क्रिप्टोग्राफी एकच समजून लिहिणारे दरवर्षी भेटतात. पहिलीत गुप्त किल्ली ठरवायला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पाठवायचे असतात, १९८४ चा बीबी८४ प्रोटोकॉल वगैरे. दुसरी आपल्या साध्या कॉम्प्युटरवरच चालते, फक्त क्वांटम कॉम्प्युटरलाही फुटू नये अशी बनवलेली असते, त्यात लॅटिस (बिंदूंच्या जाळ्या) आहेत, आयसोजेनी (इलिप्टिक कर्व्हमधले मॅप) आहेत. नंबर थिअरीवाल्यांनी तर इथेच जावं. २०२२ मध्ये साइक नावाची आयसोजेनीवरची सिस्टिम एका कोअरवर तासाभरात फोडली ती एर्न्स्ट कानी यांच्या १९९७ च्या एका थिअरमच्या जोरावर, त्यात क्वांटम कॉम्प्युटरचा काडीचाही संबंध नव्हता.

इंटरव्ह्यूत गणितवाले कुठे अडकतात तर टेन्सर प्रॉडक्टवर. युनिव्हर्सल प्रॉपर्टी धडाधड म्हणतील, पण दोन २×२ मॅट्रिक्स देऊन "यांची ४×४ लिही" म्हटलं की खडू हातात तसाच. हाताने करून जा. आणि अजून एक बारीक खड्डा, आपल्या पुस्तकात इनर प्रॉडक्ट बहुतेक वेळा पहिल्या जागी लिनिअर असतो आणि फिजिक्सवाल्यांच्या ब्रा-केट या लिहिण्याच्या पद्धतीत दुसऱ्या जागी, त्यामुळे कॉन्ज्युगेट भलतीकडेच जातं आणि तुमचं बरोबर गणित फळ्यावर चुकीचं दिसतं. सुरुवातीलाच सांगून टाका कुठला नियम वापरताय, विषय संपला.

गाईड शोधताना फक्त फिजिक्स डिपार्टमेंटची यादी बघू नका. ही माणसं मॅथ्स, स्टॅट्स, कॉम्प्युटर सायन्स सगळीकडे विखुरलेली असतात. के. आर. पार्थसारथी दिल्लीच्या आयएसआयमध्ये (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) होते, मूळ प्रोबॅबिलिटीवाले, आणि हडसनबरोबर त्यांनी १९८४ मध्ये क्वांटम स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस उभं केलं. ऑयलरच्या ३६ अधिकाऱ्यांचं कोडं (सहा हुद्दे, सहा रेजिमेंट, ६×६ चौकोनात कुठल्याच ओळीत-स्तंभात काही दोनदा येऊ नये, साध्या गणितात अशक्य) क्वांटममध्ये सुटतं हे दाखवणाऱ्या टीममध्ये आयआयटी मद्रासची मंडळी होती, कोडं कॉम्बिनेटोरिक्सचं, पेपर फिजिक्सचा. पण इथेच एक व्यवहाराची गोष्ट विसरते. सीएसआयआर नेटला (जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप देणारी परीक्षा) क्वांटम इन्फॉर्मेशन असा वेगळा पेपरच नाही, तुम्ही मॅथेमॅटिकल सायन्सेस देणार आणि गाईड निघाला फिजिक्सचा, तर पीएचडीचं रजिस्ट्रेशन कुठल्या डिपार्टमेंटला होणार, तुमची डिग्री तिथे चालते का, कोर्सवर्क कुणाचं, हे आधी ऑफिसला लेखी विचारा. फोनवर "हो हो होईल" म्हणतात त्याला काही अर्थ नसतो.

पात्रतेच्या ओळी वाचा, प्लीज. अमेरिकेच्या एनएसएफची (तिथली संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप फक्त तिथले नागरिक, नॅशनल आणि कायम रहिवासी यांनाच आहे, तरी लोक त्यासाठी महिना घालवतात. त्यापेक्षा इथे आयसर पुण्याच्या क्वांटम आय-हबची चाणक्य फेलोशिप आहे, पदवीपासून पोस्टडॉकपर्यंत, ती बघा. उन्हाळ्यातल्या बऱ्याच फेलोशिपचे फॉर्म आदल्या वर्षी गणपती ते दिवाळीच्या दरम्यान असतात, मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

गाईडना पाठवायच्या मेलबद्दल मी बोलू नये खरंतर. मी एकदा एका सरांना पाठवलेल्या मेलमध्ये वर दुसऱ्याच सरांचं नाव राहून गेलं होतं, कॉपी-पेस्टची कृपा, उत्तर अर्थातच आलं नाही. चाळीस जणांना एकच मेल टाकण्यापेक्षा पाच जणांचे पेपर उघडा आणि प्रत्येकाला एकच खरा प्रश्न विचारा.

रेकोसाठी, म्हणजे शिफारसपत्रासाठी, एचओडींच्या मागे लागू नका, ज्यांच्याकडे तुम्ही प्रोजेक्ट केलाय त्यांना सांगा. "विद्यार्थी हुशार व मेहनती आहे" एवढंच असलेलं पत्र आलं तर न आल्यासारखंच. महिनाभर आधी विचारा आणि सोबत तुमचं ते एक पानी गणित द्या, म्हणजे त्यांनाही लिहायला काहीतरी मिळतं.

आणि पैशाचं. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, एचआरए (घरभाडं भत्ता) वेगळा. पण दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत, दुसरी लागली तर पहिली लेखी सोडावी लागते. आणि पहिला हप्ता हातात यायला वेळ लागू शकतो, तेव्हा मेस आणि डिपॉझिटसाठी दोन-तीन महिन्यांची सोय घरून करूनच निघा.