महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचा इतिहास जागेवर कसा वाचावा

मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीच्या बाजूला, सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. कचराभूमीवर जंगल उभे राहिले, एवढीच त्याची कथा बहुतेकांना ठाऊक असते. ती खरी असली तरी अपुरी आहे, कारण तो कचरा मुळात माहीमच्या खाडीकाठच्या पाणथळ जमिनीवर पडला होता. त्यामुळे हा इतिहास समजून घेताना सुरुवात पाण्यापासून करावी.

भेटीची वेळ तिथी पाहून ठरवावी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, येते. पंचमीला पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती असते, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास नदीकाठचा चिखल उघडा पडतो आणि त्यातून वर आलेली तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, श्वसनमुळे स्पष्ट दिसतात. तिवराचे पान हाती लागले तर उन्हाकडे धरून नीट पाहावे. झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण त्यावर चमकतात. खारे पाणी आजही इथवर येते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

त्यानंतर आत झाडीत फिरावे. पायाखालच्या मातीच्या थराखाली शहराचा जुना कचरा आहे, हे चालताना मनात असू द्यावे. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या निसर्गसंवर्धन संस्थेच्या कल्पनेतून आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या कामातून येथे झाडे वाढवली गेली आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. तेव्हाचे माहीम निसर्ग उद्यान हे नाव जुने कागद शोधताना उपयोगी पडते.

घरी आल्यावर मुंबईचा जुना नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवावे. १८४५ मध्ये खुला झालेला माहीमचा कॉजवे (खाडी ओलांडणारा बांधरस्ता) आणि पुढे भराव घालून उभारलेले वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये खाडी किती आवळली गेली, ते पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

शेवटी धारावी कोळीवाड्यातील वयस्कर माणसांशी खाडीबद्दल बोलावे. त्यांना सन विचारू नये. २६ जुलै २००५ च्या पुराआधी की नंतर, लग्नाआधी की नंतर, असे विचारावे आणि त्यांनी सांगितलेली माशांची नावे त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावीत.