केंडोतील पवित्रे : डाव्या मुठीपासून सुरुवात

केंडो या जपानी तलवारबाजीत हाती शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, घेऊन उभे राहण्याच्या रीतीला ‘कामाए’ म्हणतात आणि आपल्या तालमीतला ‘पवित्रा’ हा शब्द तिला चपखल बसतो. मूळ पवित्रे पाच आहेत : चुदान, जोदान, गेदान, हास्सो आणि वाकी. नवशिक्याने मात्र पाचांच्या मागे एकदम लागू नये. आधी चुदान अंगवळणी पाडावा, कारण बाकीच्या चारांकडे जाण्याची वाट त्यातूनच निघते, आणि त्या वाटेवर सर्वांत जास्त लक्ष ठेवायचे ते डाव्या मुठीवर.

चुदानसाठी उजवे पाऊल पुढे, डावे मागे ठेवावे. डाव्या पायाची बोटे उजव्या टाचेच्या रेषेत यावीत आणि दोन्ही पावलांमध्ये साधारण एका मुठीची जागा राहावी. डावी टाच किंचित उचललेली असते; पुढे झेप घेण्याचा जोर तिथूनच येतो. डावे पाऊल नकळत बाहेरच्या बाजूला वळते, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. ते वळले की कंबरही वळते आणि सरळ पुढे जाता येत नाही, म्हणून दर काही मिनिटांनी थांबून दोन्ही पावले समोर पाहत आहेत ना, हे तपासावे. सरकताना पुढे जायचे असेल तर आधी उजवे पाऊल न्यावे आणि डावे लगेच मागोमाग ओढून घ्यावे. डाव्याने उजव्याला ओलांडू नये.

आता हात. डाव्या हाताची करंगळी शिनाईच्या दांड्याच्या अगदी टोकाशी असावी आणि डावी मूठ बेंबीसमोर एका मुठीच्या अंतरावर स्थिर राहावी. करंगळी आणि अनामिका घट्ट, बाकीची बोटे सैल. ओला पंचा पिळताना मनगटे जशी आत वळतात, तशीच ती इथे वळतात. उजवा हात त्सुबाच्या, म्हणजे दांड्यावरच्या गोल चकतीच्या, मागे अलगद ठेवावा. शिनाईचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या गळ्याच्या रोखाने असते. सराव संपल्यावर दोन्ही तळहात उघडून पाहावेत. घट्टे डाव्या तळहातावर, करंगळी आणि अनामिकेच्या मुळाशी पडले असतील तर पकड योग्य आहे. उजव्या तळहाताची कातडी सोलवटली असेल, तर उजवा हात नको तितका जोर लावतो आहे असे समजावे. ही तपासणी मला आरशापेक्षाही विश्वासार्ह वाटते.

गेदानमध्ये पावले तशीच राहतात, फक्त टोक प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याच्या किंचित खालपर्यंत उतरते. हा वाट पाहणारा, समोरच्याच्या हालचालीला उत्तर देणारा पवित्रा आहे. हास्सोमध्ये डावा पाय पुढे येतो आणि तलवार उजव्या खांद्याजवळ उभी धरली जाते; त्सुबा तोंडाच्या उंचीवर, तोंडापासून सुमारे एका मुठीच्या अंतरावर असते. वाकीमध्ये उजवा पाय मागे घेऊन तलवार उजव्या कुशीमागे अशी लपवतात की तिची लांबी समोरच्याला कळू नये. आजच्या सामन्यात शिनाईची लांबी सर्वांना ठाऊकच असते, त्यामुळे हे दोन पवित्रे तिथे जवळजवळ दिसत नाहीत. ते जिवंत आहेत ते १९१२ साली निश्चित झालेल्या कातांमध्ये, म्हणजे दोघांनी मिळून करायच्या ठरावीक डावांमध्ये. असे एकूण १० काता आहेत, ७ लांब तलवारीचे आणि ३ आखूड तलवारीचे. त्यांपैकी चौथ्यात एकजण हास्सो घेतो आणि दुसरा वाकी. लाकडी तलवार घेऊन हा चौथा काता संथपणे करून पाहावा. दोन्ही पवित्र्यांचा हेतू वर्णनापेक्षा त्यात लवकर उमगतो.

जोदानकडे वळण्याची घाई करू नये. चुदानातून डावे पाऊल पुढे टाकत शिनाई डोक्यावर उचलावी. डावी मूठ कपाळापुढे एका मुठीवर, डाव्या भुवईच्या वर येते आणि शिनाई मागे सुमारे ४५ अंशांत कलते. वार बहुधा एकट्या डाव्या हाताने होतो, उजवा हात फक्त ढकलून सोडून देतो. त्यासाठी एका हाताने शिनाई फिरवण्याचा सराव रोज करावा लागतो. या पवित्र्यात गळा, धड आणि दोन्ही मनगटे उघडी पडतात, म्हणून तो घेणाऱ्याला मागे सरून चालत नाही. समोरच्यावर सतत दडपण ठेवावे लागते. चिबा मासाशी यांनी १९६६, १९६९ आणि १९७२ साली अखिल जपान अजिंक्यपद जिंकले ते याच पवित्र्याच्या बळावर. ज्येष्ठांसमोर जोदान घेताना आधी क्षमा मागण्याची रीत आहे आणि ती पाळावी. समोर जोदान असेल तर आपण चुदानातून टोक थोडे उचलून त्याच्या डाव्या मुठीवर रोखावे.

दोन शिनाई घेऊन लढण्याची शैली म्हणजे नितो. तिचे नाव जुन्या काळचा जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशी याच्या नितेन इची-र्यू परंपरेशी जोडले जाते. प्रौढ पुरुषांसाठी लांब शिनाई जास्तीत जास्त ११४ सेंटिमीटर आणि आखूड ६२ सेंटिमीटर असते, तर एकच शिनाई वापरणाऱ्यांना १२० सेंटिमीटरची मुभा आहे. आखूड शिनाईने समोरच्याची शिनाई दाबून धरायची आणि लांब शिनाईने वार करायचा. लांब शिनाई उजव्या हातात धरणारे आहेत, तसे डाव्या हातात धरणारेही आहेत. ज्यांनी जोदानात डाव्या हाताने वार करणे पक्के केले आहे, त्यांनी दुसरी रीत आधी करून पाहावी.